सिडनीत पूलचं घर घेताना आणि भाड्यानं राहताना: कुंपण, गेट, नोंदणी, सर्टिफिकेट

सिडनीत घरं बघत फिरताना, विशेषतः कॅसल हिल, केलीव्हिल, बॉकम हिल्स या पट्ट्यात, मागच्या अंगणात निळंशार पाणी असलेलं घर हमखास बघायला मिळतं. एजंट पूलबद्दल भरभरून बोलतो, मुलं काचेला नाक लावून उभी राहतात. अशा वेळी मोठ्यांनी पाण्याकडे कमी आणि कुंपणाच्या गेटकडे जास्त बघावं, यासाठी हे लिहितोय.

न्यू साउथ वेल्स राज्यात खासगी पूलसाठी 'स्विमिंग पूल्स ॲक्ट 1992' लागू आहे. कायदा राज्याचा असला तरी अंमलबजावणी तुमच्या भागातल्या काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक नगरपालिकेकडे असते. तपासणी, नोटीस, दंड हे सगळं तिथूनच येतं. दुसऱ्या राज्यात नियम वेगळे आहेत, त्यामुळे मेलबर्नच्या मित्रानं व्हॉट्सॲपवर पाठवलेली माहिती इथे जशीच्या तशी चालत नाही.

हा कायदा प्रामुख्यानं पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. लहान मूल बुडतं तेव्हा ते ओरडत नाही, हातपाय आपटत नाही. आवाजच होत नाही, म्हणून आतल्या खोलीतल्या माणसाला काही कळत नाही. मोठ्यांचं लक्ष कधीतरी हटणारच, हे कायद्यानं धरलेलं आहे. दारावर कुरियर येतो, गॅसवर दूध उतू जातं, फोन वाजतो. तेवढ्या वेळात मूल पाण्यापर्यंत पोचता कामा नये, एवढीच मागणी आहे. आपल्याकडे गावाला विहिरीला कठडा असतो, पण तो पाय घसरून कुणी आत पडू नये म्हणून. इथलं कुंपण मुद्दाम चढू बघणाऱ्या, खटपट्या मुलाला अडवण्यासाठी आहे. त्याची मापं इतकी काटेकोर का, हे त्यावरून लक्षात येईल.

1. आपल्याकडे पूल आहे का, हे आधी ठरवा

प्रश्न वेडगळ वाटेल, पण नव्यानं आलेली मंडळी सगळ्यात जास्त इथेच फसतात. 300 मिमीपेक्षा, म्हणजे साधारण फूटभरापेक्षा जास्त खोल पाणी ज्यात भरता येतं, ते सगळं कायद्याच्या दृष्टीनं पूल आहे. जमिनीत खणलेला, जमिनीवर उभा केलेला, स्पा, आणि डिसेंबरच्या उन्हाळ्यात दुकानात ढिगानं लागलेला हवा भरायचा पूलसुद्धा. तुम्ही पाणी किती भरता ते बघितलं जात नाही, किती भरता येतं ते बघितलं जातं. दोन फूट उंचीच्या रबरी पूलमध्ये अर्धा फूट पाणी ठेवलं तरी त्याला कुंपण लागतं आणि नोंदणीही.

भाड्याच्या घरात राहत असाल तर माझं सरळ सांगणं आहे की असा पूल घेऊच नका. त्याच्याभोवती नियमात बसणारं कुंपण उभारायचं तर पूलच्या कितीतरी पट खर्च येतो, शिवाय घरमालकाची परवानगी वेगळी. मुलांना पाण्यात खेळायचंच असेल तर 300 मिमीपेक्षा कमी खोलीचं उथळ टब घ्या, खेळ चालू असेपर्यंत शेजारी बसा, आणि खेळ संपला की पाणी ओतून टब पालथं घाला. तान्ह्या मुलाला बादलीतलं वीतभर पाणीही पुरतं. कायदा बादलीला लागू नसला तरी ही गोष्ट विसरू नका.

स्पाला एक सवलत आहे. वापरात नसताना त्याच्यावर मुलांना उघडता येणार नाही असं कुलूपबंद झाकण असेल तर वेगळं कुंपण लागत नाही. पूलवर ओढायचं प्लास्टिकचं आच्छादन मात्र कुंपणाच्या जागी चालत नाही. मूल त्याच्यावर चालायला जातं, आच्छादन खचतं आणि मूल त्याच्याखाली अडकतं.

2. नोंदणी बघा

राज्याचं 'स्विमिंग पूल रजिस्टर' ऑनलाइन आहे. पत्ता टाकला की पूलची नोंद आहे का आणि चालू सर्टिफिकेट आहे का, ते दिसतं. घर घेणारा, भाड्यानं घेणारा, कुणीही बघू शकतो. ओपन इन्स्पेक्शनला, म्हणजे सगळ्यांसाठी घर बघायला खुलं असतं तेव्हा, जाण्याआधी हे करायला दोन मिनिटं लागतात, आणि एजंटला काय विचारायचं ते आधीच कळतं.

मालक स्वतः ऑनलाइन नोंदणी करू शकतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. नोंदणी न करण्याबद्दल कोर्टात कमाल 2,200 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण नोंदणी म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. नोंदणीनं एवढंच कळतं की या पत्त्यावर पूल आहे. तो सुरक्षित आहे, हे तपासणीनंतरच्या 'सर्टिफिकेट ऑफ कम्प्लायन्स'नं कळतं.

3. पूल कधी बांधला ते शोधा

कुठला नियम लागू होणार हे पूलच्या वयावर ठरतं. 1 ऑगस्ट 1990 च्या आधीच्या पूलना घरातून थेट पूलकडे उघडणारं दार चालतं, पण ते दार आणि खिडक्या मुलांना उघडता येणार नाहीत अशा हव्यात. 1 ऑगस्ट 1990 ते 1 जुलै 2010 या काळात पूलभोवती स्वतंत्र कुंपण हाच नियम होता, पण 230 चौरस मीटरपेक्षा लहान प्लॉट, दोन हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागा आणि पाण्याच्या काठावरची घरं यांना सूट होती. 1 जुलै 2010 नंतरच्या पूलना सूट नाही. घर आणि पूल यांच्यामध्ये अडथळा हवाच.

जुनं घर घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुनी सूट कायमची नसते. पूल किंवा कुंपण मोठ्या प्रमाणात बदललं की ती जाते आणि नवा नियम लागू होतो. पूलभोवतीची फरशी, कुंपण, डेक असं मोठं काम काढण्याआधी काउन्सिलला विचारा.

बांधकामाचं वर्ष घराच्या कागदपत्रांत किंवा काउन्सिलच्या जुन्या मंजुरीत मिळतं. रजिस्टरच्या वेबसाइटवर पूलच्या वयाप्रमाणे वेगवेगळ्या चेकलिस्ट आहेत. आपली छापून घ्या आणि टेप घेऊन अंगणात उतरा.

4. कुंपण मोजा

खालची मापं नव्या पूलना लागू होणाऱ्या ऑस्ट्रेलियन स्टँडर्डची आहेत. पूल जुना असला तरी माझ्या मते हीच मापं समोर ठेवावीत, कारण मुलाला पूलचं वय माहीत नसतं.

कुंपणाची उंची बाहेरच्या जमिनीपासून किमान 1200 मिमी, म्हणजे सुमारे चार फूट. खालची फट 100 मिमीपेक्षा जास्त नको. उभ्या सळ्यांमधलं अंतरही तेवढंच, कारण त्याहून मोठ्या फटीतून लहान मूल अंग चोरून सरकतं. फट मोजायला दहा सेंटिमीटर रुंदीचा लाकडाचा ठोकळा कापून घ्या आणि कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खालून फिरवत जा. पावसानं माती वाहून गेली की कोपऱ्यात फट वाढलेली सापडते. उलटही होतं: बाहेरच्या बाजूला हौसेनं माती आणि मल्च टाकून वाफा केला, की जमीन चार बोटं वर येते आणि 1200 चं कुंपण 1120 चं होतं. कुंपण तेच असतं, तपासणीत मात्र नापास.

शेजाऱ्याच्या हद्दीवरचं कुंपण हेच पूलचंही कुंपण असेल, तर त्याची उंची 1800 मिमी हवी आणि ती तुमच्या, म्हणजे पूलच्या बाजूनं मोजतात. त्याच्या वरच्या 900 मिमीत तुमच्या बाजूला पाय ठेवायला जागा नको.

आता सगळ्यात जास्त नापास होणारी गोष्ट: चढायला आधार. कुंपणाच्या वरच्या काठापासून बाहेरच्या बाजूला 900 मिमीच्या टप्प्यात अशी एकही वस्तू नको जिच्यावर मूल पाय ठेवू शकेल. सळ्यांचं कुंपण असेल तर आतल्या बाजूलाही 300 मिमी मोकळं ठेवा, कारण सळ्यांमधून पाय आत जातो. आडव्या पट्ट्या असतील तर त्यांच्यात किमान 900 मिमी अंतर हवं, नाहीतर त्यांची शिडी होते.

आपल्या घरांत इथे काय काय सापडतं ते बघा. कढीपत्त्याची मोठी कुंडी, कारण तिथे ऊन चांगलं येतं. तुळस. बार्बेक्यूचा गाडा. प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत. एसीचं बाहेरचं युनिट, पूलचा पंप, नळाची तोटी, कुंपणाकडे झुकलेली जाड फांदी. हलवता येणाऱ्या वस्तू आजच हलवा. पंप किंवा एसी हलवणं खर्चाचं काम आहे, तेव्हा घर घ्यायच्या आधीच ते दिसलेलं बरं. आणि खुर्ची तर मूल स्वतःच ओढत आणतं, म्हणून अंगणातल्या हलक्या खुर्च्या कुंपणापासून लांब, बांधून किंवा आत ठेवा.

पूलच्या आत खेळणी सोडू नका. पाण्यावर तरंगणारा चेंडू बाहेरून दिसला, की मुलाला आत जायचं कारण मिळतं.

5. गेटला सगळ्यात जास्त वेळ द्या

कुंपण सहसा बिघडत नाही, गेट बिघडतं. गेट पूलच्या बाहेरच्या दिशेनं उघडलं पाहिजे, स्वतःहून बंद झालं पाहिजे आणि स्वतःहून लॅच लागलं पाहिजे. हे प्रत्येक वेळी, कुठल्याही कोनातून आणि हात न लावता व्हायला हवं.

तपासायची पद्धत अशी. गेट पूर्ण उघडा आणि सोडा. लॅच 'टक' करून लागलं? आता अर्धं उघडून सोडा. मग फक्त हातभर. शेवटी गेट लॅचला टेकेल न टेकेल इतकंच उघडा आणि सोडा. बरीच गेटं पूर्ण उघडून सोडली तर धाडकन लागतात, पण या शेवटच्या चाचणीत लॅचला टेकून तशीच राहतात. लांबून बघणाऱ्याला गेट बंद दिसतं, पण मुलानं ढकललं की उघडतं. माझ्या मते हीच सगळ्यात धोक्याची अवस्था आहे, कारण कुणालाच शंका येत नाही. लागल्यावर गेट वर उचलून बघा, जोरात ओढून बघा. निसटलं तर बिजागऱ्यांची स्प्रिंग घट्ट करायची वेळ झाली. लाकडी गेट पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात खाली बसतं, त्यामुळे ऋतू बदलला की चाचणी पुन्हा करा.

लॅच उघडायची मूठ जमिनीपासून किमान 1500 मिमीवर हवी, म्हणजे लहान मुलाचा हात पोचत नाही. त्याहून खाली असेल तर ती आतल्या बाजूला असावी आणि तिच्याभोवती अशी ढाल असावी की बाहेरून सळ्यांमधून हात घालून उघडता येणार नाही. हार्डवेअरच्या दुकानात चुंबकाचं लॅच मिळतं, जे वरची मूठ उचलली तरच सुटतं. जुनं, गंजलेलं लॅच दुरुस्त करत बसण्यापेक्षा ते बदलून टाकणं मला शहाणपणाचं वाटतं.

गेट बंद ठेवण्याची जबाबदारी कायद्यानं त्या घरात राहणाऱ्यावर आहे. म्हणजे भाडेकरूवरसुद्धा.

6. पाटी

पूलजवळ सीपीआरची, म्हणजे बुडालेल्याला श्वास आणि छातीवर दाब देण्याची कृती दाखवणारी पाटी लागते. ती तीन मीटरवरून वाचता आली पाहिजे. त्यावर मुलांवर लक्ष ठेवा, गेट बंद ठेवा आणि कुंपणापासून 900 मिमीत वस्तू ठेवू नका, अशा सूचनाही असतात. उन्हानं फिकी पडली असेल तर नवी लावा. खर्च किरकोळ आहे आणि तपासणीत याच कारणानं नापास होणं टाळता येतं.

7. तपासणी

तपासणी काउन्सिलचा माणूस करतो किंवा परवाना असलेला खासगी सर्टिफायर. काउन्सिलच्या फीला 2018 च्या नियमांत मर्यादा घातलेली होती: पहिल्या भेटीसाठी कमाल 150 डॉलर आणि फेरतपासणीसाठी 100. खासगी सर्टिफायर आपली फी स्वतः ठरवतो, पण तारीख सहसा लवकर मिळते. घर विकायची किंवा भाड्यानं द्यायची घाई असेल तर लोक त्याच्याकडे जातात.

पूल पास झाला की तीन वर्षांचं सर्टिफिकेट मिळतं. नापास झाला तर काय काय दुरुस्त करायचं याची लेखी नोटीस मिळते. सहा आठवड्यांत ते झालं नाही तर खासगी सर्टिफायर ती नोटीस काउन्सिलला पाठवतो, आणि धोका मोठा असेल तर लगेचच. कुंपण नियमाप्रमाणे नसण्याबद्दल कोर्टात कमाल 5,500 डॉलरपर्यंत दंड आहे. पण दंडाच्या भीतीनं तपासणी लांबवू नका. नापासाचा अहवाल हातात आला की नेमकं कुठे पैसे घालायचे ते कळतं.

घर विकत घेत असाल तर

29 एप्रिल 2016 पासून पूलचं घर विकताना करारासोबत नोंदणीचा कागद आणि चालू सर्टिफिकेट जोडावं लागतं. पूल नवा असेल तर तीन वर्षांच्या आतलं ऑक्युपेशन सर्टिफिकेट (बांधकाम वापरायला योग्य असल्याचा दाखला) चालतं. पण विक्रेता 'सर्टिफिकेट ऑफ नॉन-कम्प्लायन्स', म्हणजे पूल नियमात बसत नाही असा कागद जोडूनही घर विकू शकतो. मग दुरुस्तीची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि सेटलमेंटपासून, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर तुमच्या नावावर झाल्यापासून, 90 दिवसांत ती पूर्ण करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं.

कराराच्या जाड गठ्ठ्यात हा एक कागद सहज नजरेतून सुटतो. कन्व्हेयन्सरला, म्हणजे खरेदीची कागदपत्रं बघणाऱ्या व्यावसायिकाला, स्पष्ट विचारा: कम्प्लायन्स जोडलंय की नॉन-कम्प्लायन्स? दुसरं असेल तर त्यातले दोष वाचा, कुंपणवाल्याकडून अंदाज घ्या आणि तेवढी रक्कम किमतीत धरून बोला. लिलावात घर घेणार असाल तर हे सगळं लिलावाच्या आधी. आणि मुलं लहान असतील तर दुरुस्ती होईपर्यंत घरातून अंगणात जाणाऱ्या दाराला वरच्या बाजूला कडी लावा. कायद्यानं 90 दिवस दिले असले तरी त्या दिवसांत मूल त्याच घरात राहणार असतं.

भाड्यानं घेत असाल तर

पूल असलेलं स्वतंत्र घर चालू सर्टिफिकेटशिवाय भाड्यानं देता येत नाही आणि त्याची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. एजंटकडे मागायला संकोच करू नका. नवीन देश, भाड्याच्या घरांची मारामार, 'उगाच कटकट करणारा भाडेकरू' असं नाव पडेल ही धास्ती मी समजू शकतो. पण हा तुमचा हक्क आहे, आणि एजंटला हा प्रश्न नवा नसतो.

राहायला गेल्यावर गेट बिघडलं तर एजंटला लेखी कळवा, फोटो आणि छोटा व्हिडिओ जोडून. गेट आपोआप लागत नसल्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ लांब ईमेलपेक्षा लवकर काम करतो. सुरक्षिततेचा प्रश्न असल्यानं ही तातडीची दुरुस्ती आहे, हेही लिहा.

पॅरामाटा, वेस्टमीडसारख्या भागात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा पूल सामायिक असतो. दोनपेक्षा जास्त घरं असलेल्या अशा जागांची तपासणी काउन्सिलला दर तीन वर्षांनी करावीच लागते. तिथे गेट बिघडलं तर स्ट्राटा मॅनेजरला, म्हणजे इमारतीच्या सामायिक जागांची व्यवस्था बघणाऱ्याला, कळवायचं. कुणी गेटला चप्पल किंवा वीट लावून उघडं ठेवलं असेल तर ती काढून टाका, कुणाचीही भीड न ठेवता.

घरात पाहुणे असतील तेव्हा

इथे गणपती ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये येतात, हवा नुकतीच उबदार व्हायला लागलेली असते. आरतीला वीस-पंचवीस माणसं, मुलं घरभर. जेवणाची भांडी बाहेर नेता-आणता कुणीतरी सोयीसाठी पूलच्या गेटला खुर्ची लावतो, आणि प्रत्येकाला वाटतं की मुलांकडे दुसरं कुणीतरी बघतंय. अशा दिवशी पूलवर कुणाची नजर आहे ते नाव घेऊन ठरवा: 'आतापासून अर्धा तास संदीप, मग मीनल.' ज्याची पाळी असेल त्यानं फोन खिशात ठेवायचा आणि गप्पांत बसायचं नाही. पाच वर्षांखालचं मूल पाण्यात असेल तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. विसर्जनासाठी भरलेलं टब विसर्जन झालं की लगेच रिकामं करा.

आजी-आजोबा भारतातून आले असतील तर पहिल्याच दिवशी त्यांना गेट उघडून-लावून दाखवा आणि ते उघडं का ठेवायचं नाही ते नीट सांगा. आपत्कालीन नंबर 000 आहे, हेही. त्यांच्यासाठी तो फ्रीजवर मोठ्या अक्षरांत लिहून, सोबत घराचा पूर्ण पत्ता इंग्रजीत लिहून ठेवा, कारण घाबरलेल्या माणसाला उपनगराचं नाव आठवत नाही.

घरातल्या दोघांनी तरी सीपीआर प्रत्यक्ष वर्गात शिकून घ्या. 30 दाब आणि 2 श्वास ही कृती पाटीवर असते, पण दाब किती खोल द्यायचा ते हाताला बाहुलीवर सराव करूनच कळतं. मूल पाण्यातून काढल्यावर श्वास घेत नसेल तर एकानं लगेच सुरू करायचं आणि दुसऱ्यानं 000 ला फोन करायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत सीपीआर चालूच ठेवायचं.

शेजारचं कुंपण मोडकं असेल तर

मूल शेजारच्या पूलमध्येही जाऊ शकतं. हद्दीच्या कुंपणाच्या फळ्या सुटल्या असतील तर आधी शेजाऱ्याशी बोला. बहुतेक जण तेवढ्यावर ऐकतात. नाहीच ऐकलं तर काउन्सिलला लेखी तक्रार द्या. अशी तक्रार आल्यावर काउन्सिलला 72 तासांच्या आत चौकशी सुरू करावी लागते. तक्रारीत पत्ता, कुंपणाच्या कुठल्या बाजूला काय मोडलंय ते आणि तुमच्याकडे लहान मुलं आहेत हे लिहा. तपासणी होईपर्यंत ती फळी तुमच्या बाजूनं तात्पुरती ठोकून घ्या.